जुन्या एमजीबीचे ब्रेक: काय बदलावं आणि काय राहू द्यावं

साठ-सत्तरच्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्स कार नव्यानं घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा इंजिनाबद्दल नसते, ब्रेकबद्दल असते. रोजच्या आधुनिक गाडीत पाय नुसता टेकवायची सवय झालेली असते आणि इथे पेडल अख्ख्या मांडीचा जोर लावून दाबावं लागतं. मग सल्ले सुरू होतात. मोठ्या डिस्क टाका, चार पिस्टनचे कॅलिपर टाका, मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क बसवा, सर्व्हो लावा. (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी, आणि कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोरावर तिला दोन्ही बाजूंनी पॅडनं दाबणारा चिमटा. ड्रम म्हणजे फिरणारं भांडं, त्याला आतून शू घासतात. सर्व्हो पायाचा जोर वाढवतो.) सुट्या भागांच्या कॅटलॉगात हे सगळं तयार किट म्हणून मिळतंही. माझं मत जरा वेगळं आहे. यातल्या बहुतेक गाड्यांना अपग्रेडची नव्हे, दुरुस्तीची गरज असते. आणि ज्यांना खरोखर अपग्रेड हवं असतं, त्यांनी आधी नेमकं काय कमी पडतंय ते ठरवायला हवं. पायाला जोर जास्त लागणं, ब्रेक तापून ढिले पडणं आणि गाडी उशिरा थांबणं या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

उदाहरणासाठी एमजी कंपनीची एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त बाहेर पडल्या, त्यामुळे सुट्या भागांची चंगळ आहे आणि प्रयोग करणाऱ्यांचीही. पुढे पावणेअकरा इंची डिस्क, मागे दहा इंची ड्रम, यंत्रणा लॉकहीड कंपनीची. सुरुवातीच्या गाड्यांना सर्व्हो नाही आणि चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. ट्रायम्फच्या टीआर६ आणि स्पिटफायरचे किंवा एमजी मिजेटचे आकडे निराळे असले, तरी पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही घडण तीच, त्यामुळे इथे लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

आणि ही घडण त्या काळी मागासलेली नव्हती, उलट ब्रिटिश गाड्या या बाबतीत पुढेच होत्या. १९५३ साली ल मां शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी जग्वार सी-टाइप ताशी १०५.८५ मैल सरासरीनं पळवून जिंकली. त्या गाडीला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते, आणि सरळ रस्त्याच्या शेवटी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारता येणं हा तिचा मोठा फायदा होता. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ला पुढे गर्लिंगचे डिस्क आले. १९५८च्या एमजीए ट्विन कॅमला तर चारही चाकांना डनलॉपच्या डिस्क होत्या. तेव्हा ‘जुन्या गाडीचे ब्रेक म्हणजे वाईटच’ हे गृहीतक आधी बाजूला ठेवू.

ब्रेकला नेमकं काय काम असतं?

ब्रेक गाडीची गती गिळतो आणि तिची उष्णता करतो. दोन माणसं बसलेली एमजीबी साधारण ११०० किलोची धरली, तर ताशी ६० मैलांना तिच्या अंगात जवळपास चार लाख ज्यूल ऊर्जा असते. ताशी ३० मैलांना हीच ऊर्जा एक लाख. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. ६०वरून पूर्ण थांबताना यातला सुमारे दोन तृतीयांश भाग पुढच्या दोन डिस्कच्या वाट्याला येतो. डिस्कचा घासला जाणारा भाग प्रत्येकी चार किलो बिडाचा धरला, तर एकदा जोरात थांबल्यावर तिचं तापमान साधारण सत्तरएक अंश सेल्सिअसनं वाढतं. हे काही फार नाही. शहरात, गावातल्या रस्त्यांवर, मधूनच एखादा कचकचीत ब्रेक मारावा लागला तरी मूळ डिस्क ते आरामात सोसतात.

खरी परीक्षा असते ती थंड व्हायला सवड मिळत नाही तेव्हा. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास हा घाट घ्या. ३९३ मीटर उंचीवरून एस्कडेल खोऱ्याच्या बाजूला रस्ता जवळपास ३०० मीटर खाली उतरतो, आणि काही ठिकाणी चढाव तीनास एक इतका तीव्र आहे. ३०० मीटर खाली येताना त्याच ११०० किलोंची बत्तीस लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे ताशी ६० मैलांवरून लागोपाठ आठ वेळा थांबल्यासारखं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरलात तर त्यातला मोठा हिस्सा इंजिन घेतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर खाली पोचेपर्यंत डिस्क, पॅड आणि त्यामागचं ऑइल सगळंच भाजून निघतं.

इथे ‘फेड’ नावाची भानगड सुरू होते, आणि ती दोन प्रकारची असते. एकात पॅड इतकं तापतं की त्याची पकड सुटते. पेडल पायाखाली कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्यात कॅलिपरमधलं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल थेट फळीला टेकतं. पेडल कसं लागलं ते आठवून ठेवा, कारण इलाज त्यावर ठरतो. पहिल्यात पॅड बदलायचं असतं आणि दुसऱ्यात ऑइल. मोठे कॅलिपर या दोन्हींनंतर येतात.

तिसरी तक्रार गाडी उशिरा थांबण्याची. ब्रेकमध्ये चाक लॉक करण्याइतका जोर असेल, तर थांबण्याचं अंतर टायर ठरवतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ताशी ६० मैलांसाठी नुसतं ब्रेकिंगचं अंतर ५५ मीटर दिलंय, चालकाच्या विचाराचे १८ मीटर वेगळे. चांगल्या रेडियल टायरवर, कोरड्या डांबरावर, ठीकठाक ब्रेक असलेली एमजीबी या आकड्याच्या आत थांबायला हरकत नसते. तिच्या टायरांची नक्षी शाबूत आहे पण रबर पंधरा वर्षांचं, लाकडासारखं झालेलं आहे, असं असेल तर जगातले सगळे कॅलिपर लावूनही ते अंतर कमी होणार नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. तो कोड तीनच आकड्यांचा निघाला तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. मग ब्रेकचा विषय बाजूला ठेवून आधी टायर घ्या.

आधी आहे ते जागेवर आणा

पन्नास-साठ वर्षं वयाच्या गाडीत ब्रेक खराब असण्याची कारणं बहुधा क्षुल्लक असतात, पण चार ठिकाणी विखुरलेली. एकेक म्हणावं तर काही नाही, सगळी मिळून मात्र गाडी थांबत नाही.

रबरी होजपासून, म्हणजे कॅलिपरकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचीक पाइपापासून सुरुवात करू. बाहेरून होज चांगला दिसतो, आतून मात्र फुगून त्याची नळी बंद होत आलेली असते. पाय दाबला की पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा जोर ऑइलला पुढे ढकलतो. पाय काढला की ऑइलला मागे यायला तेवढा जोर नसतो, म्हणून दाब तिथेच कोंडतो. ब्रेक घासत राहतो, चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते. हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. गाडीचं पुढचं टोक जॅकवर उचलून स्टँडवर भक्कम टेकवा, कुणालातरी पेडल दाबून सोडायला सांगा, आणि मग चाक हातानं फिरवून पाहा. चाक अडकलं असेल तर कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव आटा सैल करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक एकदम मोकळं झालं, तर दाब मागे कुठेतरी अडकला होता. दोषी बहुधा होज असतो, क्वचित मास्टर सिलिंडर. निपल उघडूनही चाक अडकलेलंच राहिलं, तर कॅलिपरचा पिस्टन गंजून धरलाय. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नुसत्या अंदाजानं भाग बदलत बसण्यापेक्षा फार स्वस्त. होज बदलायचेच असतील तर स्टीलच्या जाळीचे घ्यायला माझी हरकत नाही, ते दाबाखाली कमी फुगतात. पण त्यानं पेडल जे घट्ट वाटतं, त्यातलं निम्मं श्रेय नव्या होजचं असतं, जाळीचं नव्हे.

दुसरी जागा पुढच्या चाकाचे बेअरिंग. एमजीबीच्या हबमध्ये शिमच्या पातळ चकत्या घालून एंड फ्लोट (अक्षाच्या दिशेची सैल जागा) दोन ते चार थाउ (हजारांश इंच), म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर ठेवायचा असतो. ही सैल जागा वाढली की वळणावर डिस्क डुलते आणि पॅडला मागे ढकलते. पुढच्या वेळी ब्रेक दाबला की पेडल आधी ती जागा भरून काढतं, मग लागतं. दुसऱ्यांदा दाबलं की नीट. वाकडी डिस्कही हेच करते. पेडल पहिल्यांदा खोल आणि दुसऱ्यांदा वर येत असेल, तर लोक ब्रेकची हवा काढत बसतात. हवा कितीही काढली तरी बेअरिंगची सैल जागा तशीच राहते.

मागचे ड्रम आपोआप ॲडजस्ट होत नाहीत, हे आधुनिक गाडीतून आलेल्या माणसाला माहीतच नसतं. शूवरचं घासणारं लायनिंग झिजलं की शू आणि ड्रममधली जागा वाढते आणि ती जागा पेडलच्या प्रवासातून जाते. ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या मागे चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो. चाक उचलून तो चाक अडेपर्यंत आवळायचा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक टप्पा मागे घ्यायचा. साधा पाना लावला तर त्या डोक्याचे कोपरे गोल होतात. आधीच्या मालकानं ते काम करून ठेवलेलं असण्याची शक्यता दाट असते. मग ॲडजस्टर बदलायचा. हँडब्रेकची केबल, ॲक्सलवरचा तिचा लिव्हर आणि ग्रीस निपल यांच्याकडेही त्याच फेरीत बघून घ्या. हँडब्रेक लागत नाही म्हणून केबल ताणत सुटणं चुकीचं. आधी शू ॲडजस्ट करायचे.

ड्रम उघडताना एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर जवळपास सरसकट बंदी १९९९ साली आली. त्याआधीचे, किंवा कुणाच्या फडताळात पडून राहिलेले ‘नवे’ शू आजही गाड्यांवर चढतात. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही आणि कोरड्या ब्रशनं झाडायचीही नाही. ओलं करून पुसायचं, मास्क लावायचा, आणि चिंधी बंद पिशवीत टाकायची.

राहिलं ब्रेक ऑइल. गाड्यांत सहसा असतं ते डॉट ४ या दर्जाचं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलं की उत्कलन बिंदू घसरतो. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ४चा उत्कलन बिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर मात्र किमान १५५. हा फरक म्हणजेच डोंगरउतारावर पेडल फळीला टेकणं. दर दोन वर्षांनी ऑइल बदललं तर ही कटकट बहुतेकांना कधी भेटत नाही. वर्षातून थोडेच मैल फिरणाऱ्या गाडीत तर ऑइल मैलांनी नव्हे, दिवसांनी म्हातारं होतं.

डॉट ५ हे सिलिकोन ऑइल जुन्या गाड्यांच्या मंडळींत लाडकं आहे, कारण ते पाणी शोषत नाही आणि बॉनेटच्या रंगावर सांडलं तरी रंग खात नाही. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते शोभतं. पण ते किंचित दाबलं जातं, त्यात हवेचे बुडबुडे सहज अडकतात, आणि पेडल थोडं मऊ लागतं. शिवाय आत शिरलेलं पाणी शोषलं जात नाही म्हणजे ते नाहीसं होत नाही, खोलगट जागी साचून राहतं. डॉट ४मध्ये ते मिसळायचं नाही. बदलायचंच तर सगळी यंत्रणा उघडून, साफ करून, नवे सील टाकून बदलायचं. डॉट ५.१ नावावरून भाऊ वाटतं, पण ते सिलिकोन नाही, डॉट ४च्याच घराण्यातलं आहे. जोरात चालवणाऱ्यासाठी मी तेच निवडेन.

इतकं झाल्यावर गाडी चालवून बघा. माझ्या अंदाजानं निम्म्याहून जास्त मालकांचं काम इथेच भागतं.

पॅड, आणि मग कॅलिपरचं गणित

भागलं नाही तर पुढची पायरी पॅडची. एकच गाडी, तेच कॅलिपर, पण पॅडचा मसाला बदलला की पायाखालची गाडी बदलते. रस्त्यावर वेगात चालवणाऱ्यांसाठी मिंटेक्स एम११४४ हे बऱ्याच वर्षांचं ठरलेलं उत्तर आहे. थंडीतही धरतं आणि तापल्यावरही लवकर सुटत नाही. थेट शर्यतीचं पॅड मात्र रस्त्यावर घालू नका. ते तापल्याशिवाय पकडच घेत नाही, आणि सकाळी पहिल्याच चौकात तुम्हाला तापलेल्या नव्हे, थंड पॅडची गरज असते. नवं पॅड बसवल्यावर काही मैल मध्यम वेगानं, मध्येमध्ये थांबत, डिस्कवर रुळू द्यायचं असतं. पहिल्याच दिवशी चाक लॉक करून बघण्याचा मोह आवरा.

आता कॅलिपर. इथे थोडं गणित आहे, पण ते समजलं की अर्धे कॅटलॉग आपोआप मिटतात. बारीक सिरिंज आणि जाड सिरिंज नळीनं जोडलीत, तर बारीक दांडा थोड्या जोरानं लांब ढकलावा लागतो आणि जाड दांडा जास्त जोरानं पण थोडासाच सरकतो. मास्टर सिलिंडर ही बारीक सिरिंज, कॅलिपरचा पिस्टन ही जाड. जोर हवा तर प्रवास द्यावा लागतो, फुकट काहीच मिळत नाही.

समजा मूळ कॅलिपरमध्ये डिस्कच्या प्रत्येक बाजूला ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २२९० चौरस मिलिमीटर. त्याऐवजी चार पिस्टनचा कॅलिपर घेतला, प्रत्येक बाजूला ३८ मिलिमीटरचे दोन. दोघांचं मिळून २२७० चौरस मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे त्याच पेडलला पॅडवर पडणारा जोर होता तितकाच, किंबहुना केसभर कमी. पिस्टन दुप्पट झाले म्हणून ब्रेक दुप्पट होत नाही. मग चार पिस्टनचा फायदा काय? पॅड लांब असतं आणि सगळीकडे सारखं दाबलं जातं. कॅलिपर ॲल्युमिनियमचा असेल तर स्प्रिंगखालचं वजन कमी होतं. आणि सोबत जाड, मधून हवा खेळणारी डिस्क आली तर उष्णता लवकर निघून जाते. ट्रॅकवर हे सगळं मोलाचं आहे. रविवारी दुपारी फिरायला जाणाऱ्याला यातलं फारसं जाणवणार नाही.

उलट्या बाजूची चूकही होते. अमेरिकेत टीआर६चे मालक टोयोटा पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर बसवतात, आणि पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं की पेडलचा प्रवासही वाढतो. पेडल खोल गेलं म्हणून मग कुणी मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर टाकतो. तीन चतुर्थांश इंचावरून सात अष्टमांश इंचावर गेलं, की प्रवास सुमारे २६ टक्क्यांनी घटतो आणि तितक्याच ब्रेकसाठी पायाचा जोर ३६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे कॅलिपरनं कमावलेलं मास्टर सिलिंडरनं परत दिलं. म्हणून कुठलंही किट घेण्याआधी विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ किती, आणि कुठल्या मास्टर सिलिंडरसाठी? उत्तर न देता तो रंगांचे पर्याय सांगू लागला तर दुसरीकडे बघा.

चाकात कॅलिपर मावतो का, हेही मोजून घ्यावं लागतं. तारांच्या चाकांत स्पोकांचा फुगवटा आतल्या बाजूला येतो आणि मोठा कॅलिपर तिथे घासतो. पुठ्ठ्याचा साचा कापून आधी चाकात फिरवून पाहणं हा यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला देखण्या असतात, पण भोकांच्या कडेपासून चिरा पडतात. रस्त्यावरच्या गाडीला मी साधी, सपाट, चांगल्या बिडाची डिस्कच सुचवेन.

ड्रमवरून पुढे डिस्कवर जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जुन्या, चारही चाकांना ड्रम असलेल्या गाड्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रममध्ये शू परत ओढायला स्प्रिंग असते, म्हणून तो दाब चालतो. डिस्कमध्ये अशी स्प्रिंग नसते, त्यामुळे पॅड सतत घासत राहतं. मास्टर सिलिंडर तोच ठेवून पुढे डिस्क बसवल्या आणि चाकं तापू लागली, तर आधी तो व्हॉल्व्ह आठवा.

सर्व्हो आणि दोन सर्किट

सर्व्होबद्दल गैरसमज फार. सर्व्हो इंजिनात हवा नेणाऱ्या इनलेट मॅनिफोल्डमधली निर्वात पोकळी वापरून तुमच्या पायाला मदत करतो, बस. थांबण्याचं अंतर तो कमी करत नाही, कारण चाक लॉक करायला लागणारा जोर तोच असतो, फक्त तो तुम्ही कमी लावता. गुडघा दुखणाऱ्याला किंवा गाडी दोघांत वाटून चालवणाऱ्या कुटुंबाला सर्व्हो खरोखर उपयोगी. ज्याला पायाखाली टायरची भाषा कळायला आवडते त्यानं तो टाळला तरी चालेल. जग्वारच्या पहिल्या ३.८ लिटर ई-टाइपमध्ये केल्सी-हेजच्या धाटणीचा भात्याचा सर्व्हो होता आणि त्याच्या पेडलबद्दल कुरकुर ऐकू येई. १९६४मध्ये ४.२ लिटर गाडी आली तेव्हा नवा सर्व्हो दिला गेला. तेव्हा सर्व्हो आहे म्हणजे ब्रेक छान, असं त्या काळीही नव्हतं.

एमजीबीत बाहेरून बसवलेला, बॉनेटखालचा वेगळा सर्व्हो जुना झाला की आतला सील गळतो. गंमत अशी की ऑइल जमिनीवर पडत नाही, इंजिन ते ओढून जाळतं. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरते, गळती कुठेच दिसत नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की सर्व्होची नळी मॅनिफोल्डवरून काढून तिच्यात ऑइल आहे का बघा. सर्व्हो चालतोय का हे तपासायला इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.

मला सुरक्षेसाठी एकच बदल करायची मुभा असती, तर मी सर्व्हो नाही, कॅलिपरही नाही, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर निवडला असता. एकाच सर्किटमध्ये मागच्या एका पाइपला गंजून टाचणीएवढं छिद्र पडलं की चारही चाकांचे ब्रेक जातात, उरतो तो हँडब्रेक. अमेरिकेनं १९६८पासून नव्या गाड्यांना दोन सर्किट सक्तीची केली, म्हणून तिकडे जाणाऱ्या एमजीबीला ती मिळाली. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्या मात्र पुढेही कित्येक वर्षं एकाच सर्किटवर धावल्या.

हा बदल करताना मास्टर सिलिंडरची लांबी, पेडलबॉक्समधली जागा आणि पाइपांची मांडणी सगळंच बदलतं. पण चुकतं ते बहुधा सगळ्यात साध्या ठिकाणी, पुशरॉडमध्ये, म्हणजे मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या पेडलच्या दांड्यात. पेडल सोडल्यावर पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळी जागा राहायलाच हवी. ती राहिली नाही तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, आणि तापून पसरलेल्या ऑइलला परत जायला वाट मिळत नाही. मग गाडी दहा मैल छान चालते आणि नंतर आपोआप ब्रेक लागू लागतात. थांबलं, थंड झालं, की पुन्हा ठीक. पाइप बदलत असाल तर गंजणाऱ्या स्टीलऐवजी तांबं-निकेलचे घ्या, वाकवायला सोपे आणि हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांना टिकणारे.

मागच्या चाकांना हात लावताना

मागे डिस्क बसवायचा मोह सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी गरजेचा. कारण ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. एमजीबीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.३१ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरला आणि ब्रेक चांगला कडक मारला, तर एकूण वजनाच्या सतराएक टक्के भार मागून पुढे जातो. उभ्या गाडीत निम्मं-निम्मं असलेलं वजन ब्रेक मारताना दोन तृतीयांश पुढे आणि एक तृतीयांश मागे होतं. तेवढ्या हलक्या झालेल्या मागच्या चाकांना ड्रम पुरून उरतात. मागे जोर वाढवला तर मागची चाकं आधी लॉक होतात, आणि लॉक झालेलं चाक बाजूची पकड सोडतं. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ जाते, पाय थोडा उचलला की परत ताबा येतो. मागची लॉक झाली तर मागचं टोक पुढे यायला बघतं, ओल्या वळणावर तर क्षणात.

जग्वार ई-टाइपमध्ये मागच्या डिस्क आतल्या बाजूला, डिफरन्शियलला (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) लागून असतात. त्यांचं तापमान थेट डिफरन्शियलच्या ऑइल सीलपर्यंत पोचतं, आणि डिस्क बदलायच्या म्हटलं की बहुतेकदा मागचा अख्खा सबफ्रेम (आधाराचा सांगाडा) खाली उतरवावा लागतो. मागे डिस्क असणं म्हणजे नेहमी सोयच असं नाही, हे सांगायला एवढं पुरे. शिवाय डिस्कवर हँडब्रेकची व्यवस्था वेगळी करावी लागते, आणि ती ड्रमइतकी घट्ट क्वचितच धरते.

उलट, पुढे जास्त पकडीचं पॅड टाकून मागे काहीच न केल्यानंही तोल बिघडतो, मात्र सुरक्षित दिशेनं. पुढची चाकं लवकर लॉक होतात आणि मागचे ब्रेक आपला हिस्सा उचलत नाहीत. अशा वेळी मागच्या शूचं लायनिंग बदलणं हा डिस्कपेक्षा शहाणा मार्ग. मागे जोर जास्त झाला असेल तर मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावता येतो, पण तो फक्त दाब कमी करतो, वाढवत नाही.

बदल करून झाल्यावर कागदपत्रांकडे बघा. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुनी आणि मुळात फार न बदललेली गाडी २०१८पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सुटते. सुरक्षेसाठी सुधारलेले ब्रेक त्या सवलतीच्या आड येत नाहीत, पण गाडी रस्त्यावर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते, आणि विमा कंपनीला बदल कळवावा लागतो. सवलत असली तरी ब्रेकचं काम केल्यावर स्वतःहून एमओटी करून घ्यावी असं माझं मत. रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो, आणि एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत ३० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर गाडी नापास होते. तो छापील आकडा मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षी डावं चाक उजव्याच्या मागे पडलेलं दिसलं, की कुठला कॅलिपर उघडायचा ते शोधावं लागत नाही.